अकादमीचं केळवण

माझी बस प्रयागराजहून आलमबागच्या स्थानकात पोचायच्या आत बाबांनी लखनौमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत फोन फिरवले होते. मुलगी लष्करात अधिकारी होणार! प्रयागराजच्या मुलाखतीत निवड झाली होती हे खरं, पण वैद्यकीय तपासणी बाकी होती, आणि त्यात नापास झालं तर त्या निवडीला काडीची किंमत नव्हती. मी फोनवर हे घसा फोडून सांगितलं. बाबा म्हणाले, ती काय, नावाला असते. बाबा बँकेत होते. नावाला काय असतं आणि काय नसतं हे जगात फक्त आपल्यालाच कळतं, असा त्यांचा समज होता.

आमच्या तिथल्या मराठी मंडळात एक काकू होत्या. काका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, आणि काकूंचा शब्द आमच्यात कुणी खाली पडू देत नसे. त्यांनी ठरवून टाकलं की पोरगी घर सोडून अकादमीत चालली आहे, तर लग्नाआधी करतो तसं हिचं केळवण झालंच पाहिजे. तेही घरोघरी. पाटाभोवती रांगोळी, ओवाळणं, गोडधोड आणि निघताना हातात ड्रेसपीस. मला गंमत वाटली. पहिल्या घरी मी बासुंदी मागून घेतली.

मग तपासणी झाली. कँटोन्मेंटमधल्या लष्करी रुग्णालयात डॉक्टर मॅडमनी मला काट्यावर उभं केलं आणि उंची-वयाच्या तक्त्यावर बोट ठेवलं. सहा किलो जास्त. मी म्हटलं, मॅडम, मी दोन वर्षं जिममध्ये वजनं उचलतेय, हे स्नायू आहेत. त्यांनी शांतपणे माझ्या कमरेला टेप लावली आणि मला वाचायला सांगितलं. बरं, सगळेच स्नायू नव्हते. मला तात्पुरतं अपात्र ठरवून सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. वयाच्या अटीमुळे माझा हा शेवटचा प्रयत्न होता. तेव्हा वजन उतरलं नाही, तर विषय कायमचा संपला.

घरी आल्यावर मी म्हटलं, आता ती केळवणं बंद करा. बाबांचा चेहरा उतरला.

"कुणाला कळता कामा नये," ते म्हणाले. "सहा आठवड्यांत उतरेल वजन. तोवर हसत जायचं, हसत जेवायचं."

मी भांडले, ताट बाजूला सारलं, आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ते म्हणतात तर जाऊ दे ना. आमच्या घरात हे वाक्य आलं की दार बंद झालं म्हणून समजावं.

मे महिना होता. सरोजिनी नगरातलं आमचं घर दुपारी लूच्या गरम झळांच्या भीतीनं खिडक्या लावून बसायचं आणि मी आत काकडी खात बसायचे. पहाटे कानपूर रोडच्या कडेनं धावायचे, संध्याकाळी आलमबागच्या जिममध्ये जायचे. आठवडाभर असं जीव तोडून एखादा किलो उतरवला, की शनिवारी कुणीतरी रांगोळी काढून वाट बघत असायचं. पुरी, मसालेभात, आम्रखंड. नको म्हटलं की वाढणारी म्हणायची, अगं, तिथे कोण देणार आहे तुला असं? पानात टाकलं की बाबा समोरून डोळे वटारायचे. एकदा आईला माझी दया आली आणि तिनं हळूच सांगितलं, हिला आज उपास आहे. झालं! त्या घरच्या वहिनी तशाच आत गेल्या आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, वर दाण्याचं कूट आणि साजूक तूप. सोबत बटाट्याची भाजी. मला हसावं की रडावं कळेना, आणि आई माझ्याकडे बघायचीच टाळत होती.

बाकीचे दिवस मी जवळजवळ उपाशीच काढायला लागले. त्याचा परिणाम जिममध्ये दिसला. एरवी सहज उचलायचे ती वजनांची सळई गुडघ्यापर्यंतही येईना. आमचे कोच भले माणूस होते. अकादमीत दोर चढायचाय, पाठीवर ओझं घेऊन पळायचंय, तिथे काय हवा खाऊन पळणार का, असं त्यांनी हिंदीतून मला चांगलंच सुनावलं. मग म्हणाले, घर में साफ बोल क्यों नहीं देती? मी त्यांना काय सांगणार? पोट रिकामं आणि शनिवारी पुन्हा कुणाच्या तरी पाटावर बसायचंय. मला सगळ्यांचाच राग यायचा. प्रेमानं वाढणाऱ्या त्या बायकांचा तर सर्वांत जास्त, आणि त्याची लाजही वाटायची.

शेवटचं केळवण काकूंकडे होतं, फेरतपासणीच्या दोनच दिवस आधी. त्यांनी श्रीखंडासाठी चक्का घरी टांगला होता. मी मुकाट्यानं जेवले.

फेरतपासणीत वजन दीड किलोनं जास्तच भरलं. डॉक्टर मॅडमनी मला उतरून पुन्हा चढायला लावलं, चपलाच काय, हातातलं घड्याळसुद्धा काढायला लावलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण तक्ता तक्ताच होता. बाबा बाहेर गाडीपाशी उभे होते. मी मान हलवली. घर येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "तोंड आवरता आलं नाही तुला."

गाडीतून उडी मारावी असं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी काकू निकाल विचारायला आमच्या घरी आल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून आईनं वजनाचं सगळं सांगितलं. काकू ऐकत राहिल्या. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, सांगायचं ना मला. मुगाचं कढण केलं असतं. मला शुगर, मी रोज तेच पिते. दोघी बसून प्यायलो असतो."

एवढं सोपं होतं ते. मी बाबांकडे पाहिलं. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "हिलाच संकोच वाटला हो. सांगू नका म्हणाली."

बाबांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि इतके घाबरलेले बाबाही मी कधी पाहिले नव्हते. काकू माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी "हो, काकू" म्हटलं आणि कप उचलून आत गेले.