दुसरबीडच्या काळ्या भिंती

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मला दुसरबीडच्या शाळेत मास्तरकी लागली होती. लग्न त्याच उन्हाळ्यातलं. बायको जळगाव जामोदची, म्हणजे जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाची, सातपुड्याच्या पायथ्याची. भाड्यानं घेतलेल्या आमच्या दोन खोल्या काळ्या मातीनं लिंपलेल्या होत्या आणि चुलीच्या धुरानं आणखी काळ्या झाल्या होत्या. टेकून बसलं की सदऱ्याची पाठ काळी व्हायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. वेळेवर चहा आणि रविवारी झोप मिळाली की मी राजा.

ती मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. एकदा फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "ह्या भिंती पाह्यल्या की घरात सुतक हाय असं वाटते मले."

मला राग आला. नव्या नवऱ्याला असं कुणी बोलतं? पण शेजारच्या काकूंनी अंगणात गाठून स्पष्टच सांगितलं, "गुरुजी, पोरगी चुलीपुढं रडती. दिवाळीला माहेरी गेली तर परत यायची न्हाई, बघा." त्या दिवसापासून माझी रविवारची झोप गेली.

मग मी भिंतींच्या मागे लागलो. हेडमास्तरांनी डिस्टेंपर सुचवलं. त्यांच्या मेव्हण्यानं खामगावात बैठकीला पिस्ता रंग दिला होता आणि त्याचं कौतुक ते शाळेत रोज करायचे. घरमालक हसले. "मातीच्या भिंतीला डिस्टेंपर म्हंजे म्हशीला पावडर," म्हणाले, आणि शेणानं सारवा असा फुकटचा सल्ला देऊन मोकळे झाले. सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं. ते मिळवण्याची हिंमत बांधून मी गवंड्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "मातीला शिमिट धरत न्हाई गुरुजी. दोन पावसाळ्यांत पापडावानी सुटंल." राहता राहिला चुना. चुना कुणालाही देता येतो, असं मला वाटलं.

एका रविवारी कळीचा चुना घागरभर पाण्यात विरवला, त्यात नीळ टाकली आणि कुंचा घेऊन मी स्वतःच भिंतीला भिडलो. त्यात डिंक घालायचा असतो, भिंत आधी झाडून ओली करायची असते, हे मला कुणी सांगितलं नाही. खरं तर मी कुणाला विचारलंच नाही. संध्याकाळी खोली अशी उजळली की मी दार उघडं टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावत होतो.

त्याच आठवड्यात जेवताना एक पापुद्रा सुटला आणि थेट माझ्या वरणात पडला. मी न पाहिल्यासारखं केलं. दुसरा डोक्यावर पडला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण ती हसत होती! लग्नानंतर पहिल्यांदा. "जेवनात चुना, डोक्यावर चुना," ती म्हणाली. "आता पान आना, म्हंजे झालं." चुना गेला खड्ड्यात, पण त्या हसण्यावर मी जीव ओवाळून टाकला असता.

मग पदर खोचून तिनंच काम हाती घेतलं. काकूंना सोबत घेऊन माती मळली, भुसा घातला, शेण घातलं आणि भिंती हातानं लिंपून छाबल्या. दोन दिवस छान दिसल्या. वाळल्यावर काळी माती फाटली आणि भिंतभर भेगा पडल्या. "आमच्याकडं असंच असतं, बाई," काकू म्हणाल्या. बायको हात धुऊन आत गेली.

दिवाळीला सासरे न्यायला आले. ट्रंकेत तिनं सगळी लुगडी भरली, आरसासुद्धा भरला. पाडव्याला दिवाळसणासाठी मीही गेलो. सासरचं घर साधं मातीचंच होतं, पण भिंती काय सांगू! नाल्याकाठची पांढरी माती पातळ कालवून दरवर्षी फडक्यानं भिंतींवर पोतारा फिरवायचे. मी पाठ टेकली तर गार वाटलं, आणि सदरा स्वच्छ राहिला. तिथं बसल्या बसल्या मला दुसरबीडच्या खोल्या आठवल्या. हे सोडून माझ्या भेगांत कोण येईल?

निघताना मी कसंबसं विचारलं, कधी येणार म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या ना चार दिवस." ती खाली मान घालून उभी होती. शाळा सुरू झाली, चार दिवस केव्हाच उलटले. पेपर आणायच्या निमित्तानं मी रोज मेहकरकडून, म्हणजे तिच्या माहेरच्या वाटेनं, येणारी गाडी पाहून यायचो. काकू विचारायच्या नाहीत, नुसती भाजी आणून द्यायच्या.

अशाच एका संध्याकाळी गाडीतून सासरे उतरले आणि मागोमाग ती. कंडक्टर टपावरून ओरडला, "गुरुजी, ह्या पोत्यात दगड भरले का काय?"

सासरे वैतागलेले होते. "तीन गाड्या बदलल्या अन् तिन्ही कंडक्टरनं हेच इचारलं. समजावून समजावून थकलो हिले. आयकतच नाई! पोतंभर माती घेऊन सासरी जाते का कोनी?"

मी पोत्याचं तोंड सोडून पाहिलं. पांढरी माती होती. मूठभर हातात घेऊन मी तिच्याकडे पाहिलं. तीच म्हणाली, "इथली माती फाटते. हे त्याच्यावर दोन वर्सं पुरते."

"आणि संपली की?"

"मंग तुमी जा आनाले," ती म्हणाली आणि घराच्या वाटेला लागली.

पोतं मी पाठीवर घेतलं. तरटातून माती झिरपत होती आणि सदऱ्याची पाठ पांढरी होत होती. घरी पोचलो तरी मी ती झटकली नाही.