भिंतीवरची पाठ

निपाणीतलं भाड्याचं घर सोडायचं म्हटल्यावर घरमालक आप्पा वर आले, स्वयंपाकघरात उभे राहिले आणि त्यांनी नाक मुरडलं.

"टीचर, तंबाखूचा वास लई मुरलाय बघा. साफसफाई आन् रंग धरला तर डिपॉझिट समदं त्यातच जातंय."

त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून आई अकरा वर्षं बिड्या वळत होती. मांडीवर सूप, मागे भिंत. तिच्या पाठीएवढा काळपट, तेलकट डाग तिथे पडला होता. तो मलाही दिसत होता. पण आप्पांचे तीन मजले तंबाखूच्या वखारीवरच उभे राहिलेले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. हे मी मनातच म्हटलं, कारण पैसे त्यांच्याकडे होते.

माझी बदली बेळगावला झाली होती. सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं. बेळगावातल्याच वडगावात घर पाहून ठेवलं होतं, पण डिपॉझिट हातात पडल्याशिवाय तिथल्या मालकीणबाई किल्ली देणार नव्हत्या. इथलं सुटल्याशिवाय तिथलं मिळणार नव्हतं आणि आप्पांना कसलीच घाई नव्हती.

दोन दिवस आम्ही दोघींनी भिंत घासली. सोडा, साबण, लिंबू, शेवटी चुना. आई आपल्याच पाठीचा डाग काथ्याने खरवडत होती. मध्येच म्हणाली, "ह्या बिड्यांवरच तुझं शिक्षान झालं गं."

"आता ते नको काढूस," मी खेकसले. मला तेव्हा तिचाच राग आला होता. त्याची लाज वाटते.

डाग फिकटला, वास राहिला. आप्पांनी अर्धे पैसे दिले, पण आधी कागदावर लिहून घेतलं, घर घाण केल्याबद्दल कापलेली रक्कम मान्य आहे. वाचल्याशिवाय सही करू नका, असं मी पोरांना शिकवते. मी नीट वाचलं आणि सही केली.

कमी पडलेले पैसे शाळेतल्या मैत्रिणीकडून उसने घेतले आणि रविवारी टेम्पो वडगावला पोचला. मालकीणबाई किल्ली घेऊन दारातच उभ्या होत्या.

"निपाणीस्नं आलासा म्हणून इचारते. घरात बिड्या वळणारं कोण न्हाय न्हवं?"

आई टेम्पोत पुढे बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेलं सूप. खिडकी उघडी होती.

"न्हाय," मी म्हणाले. किल्ली मिळाली.

आईने सूप तसंच बांधलेलं खाटेखाली सरकवलं. आता ती दिवसभर खोलीच्या मधोमध बसते. पाठ दुखते म्हणून कण्हते, मी बाम चोळते. टेकून बस म्हटलं तर नको म्हणते, भिंत खराब होईल.