आरशातला डावखुरा

आधीच सांगून टाकतो, मला टीव्हीचा संताप येतो. चार माणसं कोट घालून बसतात, चौघंही एकदम बोलतात आणि मधली बाई म्हणते, "घेऊया एक छोटासा ब्रेक." घे ना बाई, कायमचाच घे! सामन्याच्या बक्षीस समारंभात खेळाडू कमी आणि पुढारीच जास्त. ज्याने जन्मात कधी झेल घेतला नाही, तो कप हातातून सोडायला तयार नसतो. आणि खेळाडू तरी काय? अंगावर बोटभर जागा जाहिरातीवाचून मोकळी नाही. सकाळी गुडघा दुखतो म्हणून संघाबाहेर, आणि संध्याकाळी जाहिरातीत टणाटण उड्या! बायको म्हणते, "अहो, एवढा त्रास होतो तर बंद करा ना तो." बंद करून कसं चालेल? मग बोलू कशावर?

माझी ही सगळी कटकट वीस वर्षं ज्याने ऐकून घेतली, तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनचा मालक. दिवसभर तोंड चालू, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात. मी कारखान्यात लेथवर होतो. दर रविवारी सकाळी दाढीला त्याच्याकडे जायचो. दुकान म्हणजे एक बोळच. समोर भिंतभर आरसा, दोन खुर्च्या, मागे गिऱ्हाइकांचं बाकडं आणि बाकड्याच्या वर टीव्ही. आवाज कायम बंद, कारण आवाज काढायला रेडिओ होता.

त्याच्या दुकानाचा एक नियम होता. वस्तरा गळ्यावर असेपर्यंत गिऱ्हाइकाने हूं की चूं करायचं नाही. तेवढ्यात रेडिओ आपलं मत ठोकून द्यायचा. मग वस्तरा उचलायचा, खांद्यावरच्या फडक्याला पुसायचा आणि थांबायचा. आता पाळी गिऱ्हाइकाची. मी तोंडाला फेस तसाच ठेवून त्याची अशी काही पिसं काढायचो, की बाकड्यावरची माणसं हातातला पेपर खाली ठेवायची.

आणि पिसं काढण्यासारखं तो बोलायचाही. टीव्ही त्याच्या पाठीशी, त्यामुळे सगळे सामने त्याने आरशात बघितलेले. उजव्या हाताचा बोलर त्याला डावखुरा आणि डावखुरा त्याला उजवा! "दादा, ह्या उजव्या पोराच्या हातात जादू आहे," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "अरे शहाण्या, डावखुरा आहे तो! मान वळव की जरा मागे!" सगळं दुकान हसायचं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. असला ठोंब्या मी दुसरा पाहिला नाही, असं मी घरी येऊन बायकोला सांगायचो. सांगताना दोन घास जास्त जायचे.

मग गेल्या वर्षी मला झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. डोक्यात सगळं लख्ख होतं, पण जिभेवर यायचं नाही. डॉक्टर बायकोला म्हणाले, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. जेवढं बोलतील तेवढं परत येईल. गप्प बसू देऊ नका." बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. गुणी पोर हो, खोटं कशाला सांगू. पण ती चित्रं दाखवून विचारायची, "आजोबा, हे काय आहे? म्हणा, घ-र." चाळीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाने घ-र म्हणायचं? आणि म्हणायला गेलो की तोंडातून भलताच आवाज निघायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड मिटून घेतलं. दोन महिने गेले, तीन गेले. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि डोळे पुसून बाहेर यायची. ते मला कळत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही.

रेडिओ मात्र पहिल्या महिन्यापासून दर रविवारी घरी यायचा. दुकानात ऐन गर्दीची वेळ, पण कुलूप लावून यायचा. मला खिडकीशी बसवायचा, टीव्ही लावायचा, आवाज बंद करायचा आणि फेस करायला घ्यायचा. बरं वाटतंय का, असं त्याने मला एकदाही विचारलं नाही. आला की सुरू. हा पुढारी किती साधा, तो खेळाडू किती गरीब स्वभावाचा, परवाची चर्चा किती अभ्यासू! एकेक वाक्य असं, की माझ्या टाळक्यात जावं. आणि प्रत्येक वाक्यानंतर वस्तरा उचलायचा, फडक्याला पुसायचा, थांबायचा. माझी पाळी. मी गप्प. तो अर्धं मिनिट तसाच उभा राहायचा. मग काहीच घडलं नाही अशा थाटात पुढे सुरू.

चौथ्या महिन्यात एका रविवारी सामना लागला होता. टीव्ही अगदी समोर, चार हातांवर. मधे आरसा नाही की काही नाही. आमचा तो बोलर धावत आला, डाव्या हाताने चेंडू टाकला, दांडी उडाली. रेडिओ डोळे फाडून बघत होता. मान हलवून म्हणाला, "काही म्हणा दादा, उजव्या हाताचा असा बोलर होणे नाही."

आणि वस्तरा उचलला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आरशात बघून बोलत होतास तोवर ठीक, पण आता? धडधडीत समोर? छातीतून काहीतरी वर आलं, जीभ इकडची तिकडे झाली आणि फेसाचे शिंतोडे उडवत मी ओरडलो, "डा... डावा! डावा, गाढवा!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. बायको धावत आली, दारातच खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. रेडिओने वस्तरा फडक्याला पुसला. पुसतच राहिला. मग म्हणाला, "असेल बुवा. तुम्ही म्हणता तर डावा."

त्यानंतर मी त्या पोरीपुढे घ-र म्हटलं, झा-ड म्हटलं, काय सांगेल ते म्हटलं. गाढवा म्हणून झाल्यावर लाज कसली उरते?

परवाच्या रविवारी काठी टेकत, बायकोच्या आधाराने मी दुकानात गेलो. वर्षाने त्या खुर्चीत बसलो. रेडिओ माझे कल्ले कापत होता. कधी माझ्याकडे बघायचा, कधी आरशात, आणि कात्री जिथे पाहिजे तिथेच पडत होती. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तीस वर्षं आरशात बघून जो माणूस लोकांचे कल्ले सरळ कापतो, त्याला डावं-उजवं कळत नाही?

"तु... तुला माहीत होतं," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

"काय ते?"

"डावा."

तो गालाला फेस लावायला लागला. वीस वर्षं दर रविवारी हा माणूस माझ्याकडून हरला होता आणि मी घरी जाऊन फुशारक्या मारल्या होत्या. ठोंब्या कोण होता ते आता कळलं. आभार कसे मानायचे हे मला आयुष्यात कधी जमलं नाही. जीभ चांगली चालायची तेव्हाही नाही. आता तर प्रत्येक शब्दाला ताकद लागते.

आरशात सामना चालू होता. रेडिओने वस्तरा चालवत चालवत सवयीने म्हटलं, "ह्या उजव्या पोराला तोड नाही, दादा." वस्तरा उचलला. थांबला. बाकड्यावरच्यांनी पेपर खाली ठेवले.

मी एकेक शब्द नीट जुळवला. "हो रे. उ-ज-वाच... आहे."

दुकानात कुणी हसलं नाही. आरशात रेडिओचे डोळे भरून आलेले मला दिसले. त्याने ते बाहीला पुसले आणि एकदम माझ्यावर खेकसला, "हे चालणार नाही हां, दादा! हरायचं काम ह्या दुकानात माझं आहे. पुन्हा सांगतो, पोरगा उजवा आहे. आता बोला!"

"डावा," मी म्हणालो. "गाढवा."

"असेल बुवा," तो म्हणाला आणि दुसरा गाल करायला घेतला.