मामांचा फर्स्ट क्लास

आमच्या हिच्या मामांइतका संतापलेला माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात दुसरा सापडायचा नाही. पुण्याजवळच्या एका आयटीआयमध्ये उभा जन्म पोरांना वेल्डिंग शिकवून ते निवृत्त झाले, ऑकलंडला लेकीकडे राहायला आले आणि विमानतळावरच भडकले. सामानाच्या ट्रॉलीचा सांधा त्यांच्या मनाला आला नाही. तेव्हापासून आमच्या माउंट रॉस्किल भागातलं एकही फाटक, एकही कठडा, एकही बार्बेक्यूची शेगडी त्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून राहिलेली नाही. टाकानिनीला आमच्या मित्राच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सगळे किचनचं कौतुक करत होते आणि मामा बाहेर फाटकाशी उकिडवे बसले होते. "पन्नास," त्यांनी निकाल जाहीर केला. "पास आहे. पण पोरांना यावर लोंबकळू देऊ नका."

मार्क दिल्याशिवाय मामांना अन्न गोड लागत नाही. आणि त्या अन्नालाही मार्क असतातच. हिच्या पुरणपोळीला अठ्ठावन्न. सख्ख्या लेकीच्या लग्नाला, सगळी व्यवस्था स्वतः केलेली असूनही, सत्तावन्न. साठाच्या वर फर्स्ट क्लास, आणि फर्स्ट क्लास म्हणजे मामांच्या लेखी हत्तीवरून साखर वाटायचा प्रसंग. "शंभर दिले की पोरगं शिकायचं थांबतं," असं ते म्हणतात आणि त्यावर वाद घालायची कुणाची छाती होत नाही.

आमच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी चिली, कोलंबिया, अर्जेंटिनाहून आलेल्या मंडळींचा वर्ग भरतो. सीव्ही कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावं, कारखान्यात कशी काळजी घ्यावी, हे सगळं स्पॅनिश आणि इंग्लिश अशा दोन्ही भाषांत शिकवतात. मामा फिरायला निघाले होते. खिडकीतून त्यांना भिंतीवर वेल्डिंगची चित्रं दिसली. "प्रोजेक्टरवर वेल्डिंग? उद्या पोहायला फळ्यावर शिकवाल!" असं ओरडत ते जे आत शिरले ते आजतागायत तिथेच आहेत. संयोजकांच्या मागे लागून त्यांनी हॉलमागच्या शेडमध्ये मशीन आणवलं. स्पॅनिशचा गंध नाही, इंग्लिश पुणेरी, पण हातात हात धरून शिकवायला भाषा लागते कुठे? मंडळी त्यांना 'प्रोफे' म्हणू लागली, म्हणजे सर.

त्या वर्गात मार्सेला होती. कोलंबियात तिने गोदीत जहाजांचे पत्रे जोडले होते. इथे ती ऑफिसांमधली कार्पेटं झाडत होती. का? तर लोकल एक्स्पीरियन्स नाही. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही! हा न्याय ज्याने शोधून काढला त्याला मामांच्या ताब्यात द्यावं असं मला फार वाटतं. "लोखंड काय पासपोर्ट बघून चिकटतं?" मामा गरजायचे. त्या बाबतीत त्यांचं रक्त उकळायचं आणि खरं सांगतो, माझंही उकळायचं.

अखेर एका वर्कशॉपने तिला मुलाखतीला बोलावलं. इथे नोकरी द्यायच्या आधी कुणा जाणकाराला फोन करून उमेदवाराची चौकशी करतात. तिने मामांचं नाव दिलं. फोन आला तेव्हा मी समोरच होतो, कारण मामा फोन स्पीकरवरच घेतात.

"हाउ वुड यू रेट हर वर्क?" सुपरवायझरने विचारलं.

मामा ताठ उभे राहिले. "सिक्स्टी-टू!"

"आउट ऑफ...?"

"हंड्रेड, ऑफ कोर्स."

पलीकडच्याने घाईघाईने फोन आवरता घेतला. "राइट. चीअर्स, मेट."

"जावईबापू, पेढे आणा!" मामा म्हणाले. "बासष्ट! एवढे मी कुणाला दिले नव्हते."

नोकरी अर्थातच गेली. मी समजावून सांगितलं तेव्हा मामा आधी माझ्यावर उखडले, मग देशावर. "इथे पोरट्याने डबा संपवला तरी ऑसम! चपला उलट्या घातल्या तरी ऑसम! अरे, मग चांगल्या कामाला म्हणायचं काय?" पण शनिवारी मार्सेला आली आणि म्हणाली, "इट्स ओके, प्रोफे. आय हॅव द क्लीनिंग." त्या दिवशी मामा कुणालाही रागावले नाहीत. मला ते पाहवेना.

पुढे दुसऱ्या एका वर्कशॉपमधून विचारणा झाली. मी मामांची तालीम घ्यायला बसलो. "मामा, फँटॅस्टिक म्हणा."

"खोटं बोलू?"

"ती चांगली नाहीये का?"

"चांगली? अहो, असा हात मी जन्मात पाहिला नाही!"

"मग एवढंच सांगा की!"

मामांनी ते वाक्य इंग्लिशमध्ये दोनदा घोकलं. फोन आला, तेव्हा घसा खाकरून ते म्हणाले, "शी इज द बेस्ट आय हॅव एव्हर टॉट." पलीकडचा नुसता "स्वीट अ‍ॅज!" म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास'. दोन दिवसांनी मार्सेलाला नोकरी मिळाल्याचं कळलं. हॉलच्या दारातच तिने मामांच्या गालाचा मुका घेतला, तसे मामा लाजून लाल झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी परतताना मी गाडी चालवत होतो. मामा खुशीत असतील असं मला वाटलं होतं. ते बराच वेळ बाहेर बघत बसले, एकाही फाटकाला नावं न ठेवता.

"जावईबापू," ते म्हणाले, "तिकडे इतकी पोरं शिकवली मी. पण हा मुलगा कसा आहे, असं विचारायला एकाही कारखान्यातून मला कधी फोन आला नाही हो."

"तिकडे तशी पद्धतच नाही, मामा."

"तेही खरंच. पण पोरांनी तरी मला कधी विचारलं का? आणि मीही आपणहून सांगितलं नाही. मार्कच तेवढे सांगितले." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्यातली दोन-तीन फार चांगली होती हो."