पत्र्यावरचं आडनाव

त्या गावात आम्ही पहिल्यांदा गेलो ते एसटीने. अलिबागच्या पुढचं, समुद्रकाठचं गाव. नाव सांगत नाही. एका घरी फिरायला आलेल्यांना खोल्या देतात असं कळलं होतं. ओटीवरच्या बाईंनी किती दिवस राहणार ते विचारलं, जेवण काय लागेल ते विचारलं आणि मग आडनाव विचारलं. ह्यांनी सांगितलं. बाई आत जाऊन आल्या.

"अगबाई, विसरलेच मी. आज पुण्याचे पाहुणे यायचेत. खोली नाही हो."

तिन्ही खोल्यांची दारं उघडी होती आणि गाद्या अंगणात उन्हाला टाकल्या होत्या. पुढच्या दोन घरी आम्ही पोचायच्या आत आमचं आडनाव पोचलं होतं. सुरूच्या झाडांखाली डबा खाल्ला आणि दुपारच्या गाडीने परत निघालो. मोठी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. एसटीत तिने विचारलं, "आई, आपण बौद्ध आहोत म्हणून ना?"

मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. दिवसभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी बाई मी, पण तिला म्हटलं, "खिडकीतून हात आत घे."

अंबरनाथला घरात शिरताना हे म्हणाले, "पुढच्या दिवाळीत तिथंच जायचं. आपली खोली घेऊन."

मला वाटलं, रागात बोलतायत. पण हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वेल्डर. ड्यूटी संपली की चाळीमागच्या मोकळ्या जागेत लोखंडी अँगल जोडायला लागले. लिलावातली जुनी जीप त्यांनी आधीच घेऊन दुरुस्त केली होती. आता तिच्या मागे ओढायची दोन चाकांची खोली उभी राहू लागली. पत्रे, खिडक्यांच्या जाळ्या, चाकं, सगळं उल्हासनगरच्या भंगारातून. गाद्यांसाठी रेक्झिन घ्यायला मीही गेले होते. दुकानदार सिंधी, वयस्कर. त्याने विचारलं, "बंगला बना रहे हो क्या?"

"हां साईं. चक्केवाला," हे म्हणाले.

तो हसला आणि उरलेला तुकडाही वर बांधून दिला.

चाळीत मात्र चेष्टाच चालली. कोणी म्हणे कोंबड्यांची गाडी, कोणी म्हणे आइस्क्रीमची. ट्रेलर पास करून घ्यायला आरटीओत चार खेपा झाल्या तेव्हा माझे दीर घरी आले. ते ऑफिसात होते, वर्षातून एकदा कुठेतरी जाऊन यायचे.

"वहिनी, त्याला समजवा. लॉजवर दुसरं आडनाव सांगायचं, विषय संपला. मी तेच करतो. आपण फिरायला जातो का भांडायला?"

ह्यांनी पान्हा खाली ठेवला. "आणि पोरींना काय सांगतोस? तिकडं गेल्यावर तुमचं नाव वेगळं?"

दीर चहा अर्धा टाकून गेले. मला खरं तर त्यांचंच पटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी शाळेतून आले तर ट्रेलरच्या मागच्या पत्र्यावर निळ्या रंगात आमचं आडनाव. हातभर उंचीची अक्षरं.

"अहो, हे कशाला? पोरी आहेत बरोबर. कोणी दगड मारला तर?"

"पत्रा जाड आहे," हे म्हणाले आणि ब्रश मोठीच्या हातात दिला. शेवटचं अक्षर तिने रंगवलं. रंग थोडा ओघळला, तो पुसू दिला नाही.

सकाळी निघालो. बदलापूरच्या फाटकात अडकलो तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसं वाकून बघत होती. धाकटी सहा वर्षांची. ती सगळ्यांना हात करत होती. वांगणीच्या पुढे धाडकन आवाज झाला. जीपला ट्रेलर जोडणारी पिन तुटली होती आणि आमची खोली रस्ता सोडून कापलेल्या भातखाचरात उतरली होती. पेंढा रचणारे तिघे धावत आले.

"आत काय हाय?"

"घर!" धाकटी ओरडली.

"मंग घर शेतात कशाला घुसवलंत, ताई?" त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, आणि चौघांनी मिळून ती वर ओढली. ह्यांनी दुसरी पिन बसवली. मी म्हटलं, "परत फिरू या का?" मुलींनी आणि ह्यांनी एकदमच माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

दुपारी सुरूच्या बनात ट्रेलर लावला. स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. कप भरतेय तोच सायकलवरून एक गृहस्थ आले. आधी त्यांनी पत्रा वाचला, मग आम्हाला म्हणाले, "इथं थांबता येणार नाही. गावाची जागा आहे."

हे उठायला लागले. का कोण जाणे, मीच पुढे झाले.

"जागा सरकारी आहे, मी तलाठ्याकडे पत्र टाकून विचारलंय. हे त्याचं उत्तर. तुमच्याकडे काही कागद असेल तर दाखवा."

"तसं नाही हो बाई, लोक विचारतात, कोण आलंय, कुठले..."

"म्हणून तर लिहून आणलंय. विचारायचा त्रास नको."

तो माझा वर्गातला आवाज होता. गृहस्थ उगाच सायकलची घंटी वाजवून निघून गेले. हे माझ्याकडे बघत राहिले. त्या पत्राबद्दल मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी गावातली मुलं जमली. माझ्या मुलींनी दारात उभं राहून हुकूम सोडले: चपला बाहेर, पाय झाडा, दोघं-दोघंच आत. मागच्या वर्षीच्या त्या बाईंची नातही होती. बाईंनी लांबून हाक मारली, "चल गं घरी!" नात गादीवर बसून हलेना. धाकटी दारातून ओरडली, "आजी, तुम्हीपण या! आमच्याकडे जागा आहे!"

बाई आल्या नाहीत. नातीला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक हापशावर मी कळशी लावली तेव्हा दोघीजणी बाजूला सरकल्या. तिसरीने मात्र हापसा मारून दिला आणि विचारलं, "पाऊस आला तर गळतं का हो ते?"

चार दिवस राहिलो. मुली समुद्रातून बाहेर यायला तयार नसायच्या. मीसुद्धा साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिले. निघताना हे म्हणाले, "मागच्या वाटेने गेलं तर रस्ता रुंद आहे. गावातून ट्रेलर काढणं कठीण."

"गावातूनच काढा," मी म्हटलं.

भर सकाळी, पहिल्या गिअरमध्ये, दोन्हीकडच्या ओट्यांना जेमतेम वाट देत आम्ही निघालो. वळणावर अडलो तेव्हा मी खाली उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून ह्यांना हात दाखवू लागले. मागे तीन बैलगाड्या खोळंबल्या होत्या. मी अजिबात घाई केली नाही.