सारजाबाईनं मोडलेला लिलाव

सारजाबाई म्हणजे फाटक्या तोंडाची बाई. तिच्या तोंडून कधी काय निघेल, याचा भरवसा तिच्या नवऱ्यालाही नव्हता. वालूरच्या पुढं एका गावात, ओढ्यापलीकडच्या वस्तीत ती राहते. गावाचं नाव कशाला सांगा, सगळी आपलीच माणसं! वस्तीला नळ नाही. पाणी हवं तर ओढा ओलांडून गावात जायचं आणि तिथल्या बायांची बोलणी खायची.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि गावानं अक्कल पाजळली. मारुतीच्या देवळात माईक लावून पदाचा लिलाव! देवळाच्या सभामंडपाला जो जास्त पैसे देईल, त्याची बायको बिनविरोध सरपंच. परदेशात म्हणे शेटलोक अख्खे पक्ष खिशात घालून फिरतात. आमच्याकडं निदान बोली तरी देवासमोर होते. पेट्रोल पंपवाल्या तात्यारावानं एका दमात बोली मारली. त्याची बायको राजेश्री घरी मालिका बघत होती. आपण सरपंच झालो हे तिला फोनवर कळलं.

"म्हंजी मत द्यायचंच न्हाई?" बायांच्या घोळक्यातून सारजाबाई ओरडली. "मतासाठी का हुईना, हे पुढारी आमच्या दारात येतेत. तेबी बंद? मग नळ मागायचा कुणाला, मारुतीला?"

"सारजाबाई, देवाचं काम हाय. मधी पाय घालू नका," तात्याराव म्हणाला.

"लय आला देवाचा!" म्हणत तिनं दुसऱ्या दिवशी तालुक्याला, सेलूला जाऊन सरपंचपदाचा अर्ज भरला. लिलाव मोडला, निवडणूक लागली.

वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली. राहिल्या म्हाताऱ्या. त्या आपल्याच, असं सारजाबाईनं धरलं. मतदानाच्या आदल्या दिवशी तात्यारावाकडून मटण आलं, सकाळी दारात जीप आली. सारजाबाईनंच म्हाताऱ्यांना फूस लावली, "खावा त्याचं, बसा त्याच्या जीपीत, आन् बटन दाबा माझं. फुकटचं कशाला सोडायलाव?" म्हाताऱ्या खिदळत जीपीत चढल्या.

निकाल लागला. सारजाबाई सपाटून आपटली. वस्तीनंसुद्धा राजेश्रीलाच मतं दिली होती. सारजाबाई तणतणत शेजारच्या म्हाताऱ्या बायनाबाईकडं गेली.

"आत्ये, तूबी?"

बायनाबाईनं मान खाली घातली. "त्याचं खाल्लं, त्याच्या जीपीत बसले. त्यानं हात धरून उतरवलं गं मला. आता मसणात जायच्या वक्ताला बेइमान व्हू का?"

सारजाबाईच्या तोंडात शिवी आली, डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर खाल्ल्या मिठाला जागलेल्या बाईला आपण एका सकाळीत लबाडी शिकवायला निघालो होतो, हे तिला आत्ता कळलं.

"आन् नळ गं, आत्ये? पाण्याचं काय?"

"पाण्याचं काय?" म्हातारीनं नवलानं वर बघितलं. "तू आणून टाकतीसच की रोज."