घोडीकडच्या बाई

अनसूया गायधनींना बसून राहणं कधी जमलंच नाही. भाजी निवडायची ती ओट्याशी उभ्यानं, पेपर वाचायचा तो ओसरीत येरझाऱ्या घालत, आणि फोन आला की वायर जाईल तिथवर फिरत बोलायचं. चिंतामणराव म्हणत, "अगं, लग्नात तू पाटावर तरी बसली होतीस का? मला आता आठवेना." लेक स्वरदा पुण्याला शिकायला गेली, आणि मग तर त्यांना घर खायला उठायचं. दुपारी सगळं आवरून झालं की त्या या खोलीतून त्या खोलीत जात आणि तिथे कशाला आलो होतो तेच विसरत.

म्हणून त्यांनी बालवर्ग काढायचं ठरवलं. साल सत्त्याण्णव असेल. मखमलाबाद रस्त्याला तेव्हा द्राक्षबागा मोडून प्लॉट पडत होते, नवी बिऱ्हाडं येत होती, लहान पोरांचा सुकाळ होता. बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची बेताची शेड उभी राहिली. तिच्या बुटक्या भिंतीवर अनसूयाबाईंनी चार दिवस खपून स्वतः फुलपाखरं रंगवली. कॉलनीतल्या आयांशी बोलणं झालं. जून उजाडायची काय ती वाट.

फेब्रुवारीत त्या शेडमध्ये घोडी आली.

"दोन महिन्यांपुरती," चिंतामणराव पायरीवर उभं राहून म्हणाले. पाटबंधारे खात्यात फायली हलवणारा हा शांत माणूस त्या दिवशी उत्साहानं लाल झाला होता. इगतपुरीकडचे त्यांच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ मुलाकडे परदेशी निघाले होते, आणि जोहराला कुणाच्याही हाती द्यायला त्यांचं मन घेईना. जोहरा म्हणजे अस्सल अरबी घोडी, पांढरीशुभ्र.

"दोन महिन्यांनी काय होणार आहे? ती मोठी होऊन नोकरीला लागणार आहे?"

"अगं, बघ तरी. कपाळापासून खाली नाकाचा बाक बघ, बशीसारखा. अरब लोक घोडीला तंबूत आपल्या बायकापोरांबरोबर झोपवायचे. इतकं मायाळू जनावर."

"मग हॉलमध्ये आणा की. दिवाणावर गादी घालते."

गल्लीलाही आयता विषय मिळाला. समोरच्या अंबूबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "आडनाव गायधनी, आणि बांधली घोडी! आता तूप कशाचं काढणार हो?" अनसूयाबाई हसल्या खऱ्या, पण आत जाऊन त्यांनी कणीक अशी तिंबली की परात सरकत सरकत ओट्याच्या काठाला गेली.

घोडीची व्यवस्था बघायला पंचवटीतला चंदर दोन वेळा यायचा. त्याच्या घरात तीन पिढ्या टांगा होता. रिक्षा वाढल्या तसा टांगा अंगणात उभा राहिला, आणि चंदर मिळेल ते काम करायला लागला. त्यानं जोहराला टांग्याच्या घोड्यासारखीच बांधली. पुढून गळ्याचे दोन दोर दोन खुंट्यांना, ती अगाडी. मागून पायाचा दोर तिसऱ्या खुंटीला, ती पिछाडी. जनावर जागच्या जागी. चिंतामणरावांनाही ते बरोबरच वाटलं. त्यांच्या लहानपणी रामकुंडावर यात्रेकरू उतरवणारे टांगे उभे असत, तिथले घोडे असेच बांधलेले त्यांनी पाहिले होते.

आणि तेव्हापासून ते खट-खट सुरू झालं.

जोहरा पुढचा पाय आपटायची. थांबायची, मान डावी-उजवी झुलवायची, पुन्हा आपटायची. गवत अर्धं टाकायची, हरभरा हुंगून सोडायची. बरगड्या दिसायला लागल्या. मान झुलता झुलता भिंतीला घासून पहिली दोन फुलपाखरं पुसली गेली, मग तिसरं. चिंतामणराव ऑफिसला गेले की दिवसभर ते खट-खट ऐकायला घरात एकट्या अनसूयाबाई.

"डोक्यात कुणीतरी खिळा ठोकतंय माझ्या," त्या रात्री जेवताना म्हणाल्या. "मार्च संपत आला. माझी शेड मला कधी मिळणार?"

"ठिकाण शोधतोय. चांगलं घर मिळायला हवं तिला."

"मुलीचं लग्न ठरवताय का?"

ते ताटावरून उठले, आणि ऑफिसच्याच कपड्यांत जाऊन घोडीची आयाळ विंचरत बसले. अनसूयाबाईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि त्यांना अधिकच राग आला. ओरडणारा नवरा परवडला, असा गप्प बसणारा नको.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच हालचाल केली. वरातीला घोडे देणारा लखन नाशिकरोडला राहायचा, त्याचा पत्ता बँडवाल्यांकडून काढला आणि निरोप धाडला. पांढरी घोडी म्हटल्यावर लखन लगोलग आला. अंगठ्या घातलेला, तोंडानं गोड गडी. "वहिनी, मे महिन्याच्या दाट तिथीला हिला एकदा वरातीत चालवून बघतो. बँडला बुजली नाय की आपली पक्की." चिंतामणराव मान खाली घालून "बरं" म्हणाले. जूनआधी शेड मोकळी करायचा शब्द त्यांनीच दिला होता.

इथवर सगळं ठरल्यासारखं होतं. मधेच एप्रिलमधली ती दुपार आली.

वरण गॅसवर होतं. खट-खट चालू होतं. अनसूयाबाई या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. एकदम त्यांच्या लक्षात आलं की पाय आपटण्याच्या ठेक्यावरच आपण चालतोय. त्यांना ते सहन झालं नाही. हातातल्या फडक्यासकट त्या तरातरा मागे गेल्या आणि म्हणाल्या, "काय हवंय काय तुला?"

जोहरानं त्यांच्याकडे पाहिलं. एवढे मोठे काळेभोर डोळे त्यांनी जवळून कधी पाहिले नव्हते. भीती वाटत होती, तरी त्या तिच्या मागे जाऊन वाकल्या आणि पिछाडीची गाठ सोडली. मग अगाडीची. निदान आवाज तरी थांबेल, एवढाच विचार.

घोडी क्षणभर हललीच नाही. मग शेडबाहेर आली आणि तिनं शेपूट उभारली, कारंज्यासारखी. कुंपणाच्या कडेनं तिनं धाव घेतली, ती धाव कसली, पाय जमिनीला लागतायत की नाही असं वाटायचं. चिंचोळी जागा, कोपऱ्यावर भिंत. ती हवेतच वळल्यासारखी वळायची. अनसूयाबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि किती वेळ एका जागी उभ्या आहोत हे त्यांना कळलंच नाही. करपलेल्या वरणाचा वास आला तेव्हा त्या भानावर आल्या. तोवर जोहरा थांबून, फुरफुरत, हरभऱ्याच्या पाटीत तोंड घालून खात होती.

चंदर यायच्या आत त्यांनी घाईघाईनं तिला पुन्हा बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. मग रोजच. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. घोडी घालवायचा हट्ट कुणाचा होता?

आठवड्याभरानं चंदर खाली वाकून गाठ बघत म्हणाला, "वहिनी, ही गाठ माझी नाय. ही परकराच्या नाडीची हाय."

अनसूयाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "ती... सैल झाली होती."

"रोज सैल होती व्हय?" तो हसला. "खाती मात्र लय झकास आता. दिवसभर धावून आलेल्या घोड्याला पिछाडी सोसती, वहिनी. हिला कुठं काय काम? माझ्याबी ध्यानात यायला पायजे होतं. हात सवयीनं बांधून मोकळा झाला." आणि जाता जाता म्हणाला, "साहेबांना नाय सांगत."

मेमधली ती तिथी आली. पंचवटीतलं लग्न, मुहूर्त गोरज. लग्नाआधी नवरदेवानं घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जायची त्या घरची रीत. लखन दुपारीच घोडी घेऊन गेला. चिंतामणराव म्हणाले, "मी येत नाही. मला बघवणार नाही." अनसूयाबाई म्हणाल्या, "मी नुसती लांबून बघून येते."

लांबूनच बघितलं आधी. भरजरी झूल, कपाळावर गोंडे, आणि लखनची दोन माणसं दोन्ही बाजूंनी लगाम आखडून धरून उभी. वर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, हातात कट्यार. बँडनं पहिला सूर लावला तशी जोहरा थरथरली. माणसांनी लगाम आणखी आखडला. एक फटाका वाजला आणि घोडीनं पुढचे दोन्ही पाय वर घेतले. नवरदेवाची कट्यार खाली आणि दोन्ही हात घोडीच्या मानेला. बायका किंचाळल्या. लखन ओरडला, "घट्ट धरा! आवळा!"

दोन बाजूंनी दोन दोर. अनसूयाबाईंना आपली शेडच दिसली. पुढचं त्यांना नीटसं आठवत नाही. लोक सांगतात की एक मोरपंखी साडीवाली बाई पदर खोचून नाचणाऱ्यांतून घुसली आणि तिनं आवाज दिला, "सोडा तिला! दोन्हीकडून सोडा म्हणते ना!" तो आवाज ऐकून माणसांनी खरंच सोडलं. बाईनं एका बाजूचा लगाम सैल हातात धरला, "चल गं," म्हणाली आणि चालायला लागली.

चालणं कुणाचं? तर अनसूयाबाईंचं. ओसरी अख्खी झिजवलेलं. जोहरा त्यांच्या खांद्याशी नाक लावून मागोमाग निघाली, मान उंच, शेपूट उभी, झुलेचे घुंगरू लयीत. रस्त्यावरची माणसं बघत राहिली. पण वरात? वरातीनं प्रत्येक चौकात थांबून नाचायचं असतं. इथे थांबायचा प्रश्नच नव्हता. नाचणारे पळायला लागले, बँडवाले धापा टाकत वाजवायला लागले, क्लॅरिनेटवाल्याचा सूर अर्ध्यातच सुटला. वरून नवरदेव काकुळतीला आला, "मावशी, जरा हळू!"

"घट्ट बसा. तिला थांबायला आवडत नाही."

ओटीचं ताट सांभाळत धावणारी करवली शेजारी आली. "अहो, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

"मी घोडीकडची," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि चालत राहिल्या.

वरात मारुतीला इतक्या लवकर पोचली की पुजारी नारळ आणायलाच गेला होता.

नवरदेव मांडवात उतरल्यावर लखन घाम पुसत आला. तो खूश होता. "वहिनी, दिसायला एक नंबर. घेतली आपण. महिनाभर अगाडी-पिछाडी घालून उभी केली, की उभं राहायचं शिकतीय बघा."

तो काही वाईट बोलला नव्हता. त्याचा धंदा उभ्या राहणाऱ्या घोडीवर होता. अनसूयाबाईंना जून दिसत होता, शेड दिसत होती, बोलून ठेवलेल्या आया दिसत होत्या. चार महिने त्या याच क्षणाची वाट पाहत होत्या. त्यांनी झुलेचा बंद सोडला आणि झूल घडी करून लखनच्या हातात दिली.

"नाही. ही उभी राहायची नाही."

"आता काय म्हणावं! तुम्हीच निरोप धाडला व्हता की, वहिनी!"

"धाडला होता. चुकलं माझं. चहाला या कधीतरी."

पंचवटीतून मखमलाबाद रस्त्यापर्यंत दोघी चालत आल्या. उन्हं उतरली होती. घरी काय सांगायचं, हे अनसूयाबाई वाटेत जुळवत होत्या आणि मोडत होत्या. मागच्या फाटकातून आत शिरतात तो शेडमध्ये चिंतामणराव. खुंट्या उपटून एका बाजूला रचलेल्या, जमीन धुऊन स्वच्छ, आणि हातात रंगाचा ब्रश. बायकोची शेड तिला जशीच्या तशी परत द्यायची म्हणून पुसलेली फुलपाखरं ते पुन्हा रंगवत होते. पाठीमागे टापा वाजल्या तसे ते वळले, आणि घोडीला बघून त्यांचा ब्रश डब्यात पडला.

"नाही घेतली त्यानं?"

"मी नाही दिली." अनसूयाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "ही वटवाघळं कुणी काढली?"

"फुलपाखरं आहेत ती."

"असू देत. तिला काय कळतंय." त्यांनी लगाम काढून खिळ्याला अडकवला. जोहरा मोकळ्या अंगणात एक चक्कर मारून पाण्यापाशी गेली. "अरब घोडीला तंबूत घ्यायचे ना? आपण आपलं पोरांना घरात घेऊ. हॉलमधला दिवाण बाहेर काढावा लागेल. उचलता एक टोक?"

जूनमध्ये बालवर्ग हॉलमध्ये भरला. घोडी खिडकीतून डोकं आत घालायची. त्यामुळे पोरं रडायचं विसरली, अक्षरंही विसरली, आणि अंबूबाईंचा नातू सुट्टीच्या दिवशीही दप्तर घेऊन दारात उभा राहायला लागला. अनसूयाबाईंना मात्र घोड्यांचं वेडच लागलं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्या जायच्या आणि मिशीवाल्या व्यापाऱ्यांना तोंडावर सांगायच्या की हा तुमचा अरबी नाही, कान बघा. चिंतामणरावांनी एव्हाना घोड्यांवर बोलणं सोडूनच दिलं होतं. घरात त्यांना बोलायला कुणी देतच नव्हतं.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात एका सकाळी ते दाढी करत असताना अनसूयाबाई न्हाणीच्या दाराशी येरझाऱ्या घालत म्हणाल्या, "अहो, तो पुण्याकडचा एक जण अरबी शिंगरू देतोय. जोहराला सोबत नाही हो. एकटी कुंपणाच्या कडेनं फिरत राहते, मला घरात चैन पडत नाही."

चिंतामणरावांनी वस्तरा खाली ठेवला. "शेड एका घोडीची आहे. हॉलमध्ये तुझी पोरं. शिंगरू ठेवायचं कुठे?"

"तुमची खोली दिवसभर रिकामीच असते की."

"अनसूया!"

"अहो, दोन महिन्यांपुरतं," त्या म्हणाल्या, आणि फोनकडे निघाल्यासुद्धा.